रविवारची चूल

आमच्या घरातली चूल शनिवारी दिवेलागणीला विझायची आणि सोमवारी पहाटे पेटायची. मधला रविवार आम्ही थंड खायचो. शनिवारी थापलेल्या भाकऱ्या, दाण्याची चटणी, घट्ट वरण, आणि चहाच्या वेळेला पाणी. दापोडीच्या आमच्या गल्लीत रुळाच्या बाजूला नगरकडून कामाला आलेली आठ-दहा ख्रिस्ती घरं होती. रविवारी स्वयंपाक, शिवण, धुणं, बाजार काही करायचं नाही, असा मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, नियम सगळ्यांनाच होता. पण इतर घरांतले लोक तो दार लावून थोडाफार मोडायचे. आमच्याकडे मोडत नसत, कारण आमच्याकडे माझ्या सासूबाई होत्या. कधीकाळी एका बाईनं रविवारी पापड लाटले म्हणून त्यांनी तिला मंडळीच्या पंचांपुढे उभं केलं होतं. तेव्हापासून गल्लीतल्या बायका आमच्या दारावरून जाताना पदर सावरून जात.

मला त्या घराचा अभिमान होता. मी मिशनच्या बोर्डिंगात वाढले. आईबाप आठवत नाहीत, घंटा आठवते. उठायची, प्रार्थनेची, जेवायची, दिवा मालवायची. घंटा झाली की काय करायचं ते ठाऊक असायचं आणि जे ठाऊक आहे ते केलं की कुणी रागवत नसे. लग्न होऊन आले तेव्हा या घरात घंटा नव्हती, पण सासूबाई होत्या. मी त्यांना मनापासून धरलं. त्यांनी एकदा सांगितलेलं मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. नऊ वर्षांत मी त्यांच्या एकाही शब्दाबाहेर गेले नाही, आणि त्याही मला कधी उणंदुणं बोलल्या नाहीत. त्या माझ्याशी फारसं काहीच बोलत नसत, हे माझ्या लक्षात यायला धाकटी जाऊ घरात यावी लागली.

प्रभुभोजनाला देवळात भाकर आणि द्राक्षरसाचा पेला फिरतो; तो रस करायचं काम माझ्याकडे होतं. आमच्या मंडळीत दारूचा थेंब चालत नसे, म्हणून मनुकांचा रस करायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारआधी शुक्रवारी काळ्या मनुका निवडायच्या, देठ काढायचे, रात्रभर भिजवायच्या, शनिवारी कुस्करून उकळायच्या आणि मलमलीच्या फडक्यातून दोनदा गाळायच्या. त्यासाठी एक पितळेचं पातेलं वेगळं ठेवलं होतं. कल्हईवाला आला की सगळ्यांत आधी त्या पातेल्याला कल्हई व्हायची. त्यात दुसरं काही कधी शिजलं नाही. हे काम आधी सासूबाई करत. त्यांच्या दम्यानं उचल खाल्ल्यावर ते त्यांनी माझ्याकडे दिलं, आणि त्या दिवशी मला गळ्यात माळ घातल्यासारखं वाटलं.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. माझा नवरा गावातच मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात होता. धाकटा दीर पिंपरीकडे नव्या निघालेल्या एका कारखान्यात लागला. त्याला शिफ्ट असे आणि काही रविवारीही जावं लागे. त्याचं काय करायचं म्हणून पंच बसले. पोटासाठी जातो, तेव्हा चालेल, असं ठरलं. कारखान्याची भट्टी रविवारी पेटलेली चालते आणि घरची चूल चालत नाही, हे तेव्हा मला खटकलं नाही. आता खटकतं, पण आता खटकून काय उपयोग.

त्या दिराचं लग्न झालं. मुलगी महाळुंग्याची. तेव्हा तिथे नुसती शेतं होती आणि शेतकऱ्यांच्या त्या गावात ख्रिस्ती घर हे एवढं एकच. देऊळ नाही, पाळक नाही, पंच नाहीत. तिचा बाप ओसरीवर बसून शास्त्र वाचायचा आणि शेजारपाजारची माणसं बैल बांधून ऐकायला येऊन बसायची. इतकंच त्यांचं चर्च. तिला लिहितावाचता जेमतेम यायचं. दहा आज्ञा म्हणायला सांगितल्या तर सातच्या पुढे अडायची आणि हसायची.

पहिल्याच रविवारी मी तिच्यापुढे थंड भाकरी ठेवली. तिनं ती उलटीसुलटी पाहिली, सासूबाईंकडे बघितलं आणि म्हणाली, "आत्याबाई, देवाला ऊन भाकर चालत न्हाई व्हय?"

 आता आभाळ कोसळणार म्हणून मी मान खाली घातली. आणि सासूबाई हसल्या. तोंडाला पदर लावून, खोकला येईपर्यंत हसल्या. नऊ वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्यांना पुढचे दोन दात नाहीत हे मला त्या दिवशी कळलं.

मत्सर म्हणजे काय ते मी तोवर शास्त्रात वाचलं होतं. अंगात शिरल्यावर तो कसा असतो ते तेव्हा समजलं. सकाळी उठल्यापासून माझे कान तिच्याकडे असायचे. ती जात्यावर बसली की ओव्या म्हणायची, आणि तिच्या ओव्यांत येशू हा तिच्या माहेरचा कुणी असावा असा यायचा. दळणाला हात लावायचा, दारात घोंगडी टाकून बसायचा. हे शोभतं का, असं मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ऐकू दे जरा. माझी तीन वर्षांची मुलगी, जिला मी बोर्डिंगातली गीतं चालीसकट शिकवली होती, ती तिच्या मांडीला मांडी लावून बसायची आणि दिवसभर तीच ओवी गुणगुणायची. मी एकदा तिला त्यासाठी चापट मारली. कशासाठी मारली ते पोरीला कळलं नाही, मला मात्र पुरतं कळलं होतं.

पलीकडची शेजारीण हिंदू होती, साताऱ्याकडची. तिनं पूजेचा शिरा आणला तर मी हात जोडून, गोड बोलून परत पाठवायची. नियमच तसा होता. ती काही वाईट बोलली नाही, पण हळूहळू यायची थांबली. धाकटीनं पहिल्याच खेपेला वाटी घेतली, उभ्या उभ्या डोळे मिटून देवाचे आभार मानले आणि शिरा खाऊन वाटीत शेंगा घालून परत दिली. त्यानंतर भिंतीपलीकडून हाक यायची ती तिच्याच नावाची. माझ्यात त्या बाईला नऊ वर्षांत एक चूक दिसली नसेल, पण हाक मारावी असं तिला माझ्याबद्दल कधी वाटलं नाही.

सगळ्यांवर कडी झाली ती बायकांच्या सभेत. तिथे दर बुधवारी प्रार्थना मी करायची. स्वच्छ, शुद्ध, सगळे विषय क्रमानं घेऊन. आजारी, प्रवासी, सरकार, पाळक, मंडळी. एका बुधवारी पाळकसाहेबांच्या बायकोनं धाकटीला प्रार्थना करायला सांगितलं. तिनं देवाला सांगितलं की विहिरीवर पाय घसरला होता, तू धरलंस, आणि आत्याबाईंच्या छातीत घरघर होते तर तेवढं बघ, आणि मला इथं करमत नव्हतं, आता करमायला लागलंय. एवढीच प्रार्थना. मी डोळे उघडून पाहते तर चार बायका पदरानं डोळे पुसत होत्या. माझ्या प्रार्थनेत बायका फार तर जांभई आवरत.

त्या संध्याकाळी घरात कुणी नसताना मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि तिच्यासारखी प्रार्थना करून पाहिली. देवा, म्हटलं, आणि पुढे काही येईना. माझ्या छातीत जे होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. मग सवयीनं आजारी, प्रवासी, सरकार असं सुरू झालं आणि मी मध्येच थांबून भांडी घासायला घेतली. सगळे नियम मी पाळायचे आणि देवानं मात्र हिच्या ओसरीवर जाऊन बसायचं, हा कुठला न्याय, असं मला खरोखर वाटत होतं. त्या दिवसापासून मी तिची चूक शोधायला लागले. शोधणाऱ्याला सापडतेच.

त्या साली थंडी फार पडली. नदीकडून वारा यायचा आणि सासूबाईंचा दमा पहाटे जोर करायचा. प्रभुभोजनाच्या रविवारी मी रसाचं पातेलं घेऊन उजाडायच्या आतच देवळात गेले. मेजावर वस्त्र घालणं, पेला पुसणं ही कामंही माझीच. तिथे गेल्यावर लक्षात आलं की पातेल्यावर झाकायचं धुतलेलं फडकं घरी दोरीवरच राहिलं. परत आले. मागच्या दारानं आत शिरणार तोच धुराचा वास आला, आणि पाठोपाठ चहाचा.

परसात भिंतीच्या आडोशाला तीन विटा मांडून धाकटी उकिडवी बसली होती. काटक्या पेटल्या होत्या, वर छोटं भगुलं. तिची माझ्याकडे पाठ होती. दिराला त्या दिवशी सकाळची शिफ्ट होती, तेव्हा नवराबायकोचा चहा चालला आहे हे मला सांगायला कुणी नको होतं. मी तिला हाक मारली नाही, काही विचारलंही नाही. दोरीवरचं फडकं ओढलं आणि आल्या पावली परत गेले. वाटेत मला थंडी वाजत नव्हती.

माझ्या तोंडून निघून गेलं, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत असे. ते खोटं आहे. उपासना चालू असताना मी वाक्य मनात तीन वेळा घोळवलं. कुठल्या शब्दानं सुरुवात करायची तेही ठरवलं. उपासना सुटल्यावर मोठ्या पंचांना बाजूला बोलावून म्हटलं, सांगायला जड जातं, पण आमच्याच घरात आज चूल पेटली. जड मुळीच जात नव्हतं.

पुढच्या आठवड्यात पंच बसले. पाळकसाहेब मध्ये, तिघे पंच, एका बाजूला मी साक्षीदार, समोर धाकटी. चूल पेटवली का, म्हणून विचारलं. पेटवली म्हणाली. चहा केला का. केला. कुणासाठी, असं पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा तिनं एकदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "मलाच तलफ आली व्हती. माजंच चुकलं."

पुढची तीन प्रभुभोजनं तिला बंद करण्यात आली. उपासनेला यायचं, पण मागच्या ओळीत बसायचं, आणि भाकर-पेला फिरायच्या वेळी उठून बाहेर जायचं. तिनं खाली बघत एवढंच विचारलं की गाणं म्हटलं तर चालेल का. चालेल, म्हणाले. बाहेर आल्यावर तिनं डोळ्यांना पदर लावला. तिला रडताना मी प्रथमच पाहिलं, आणि लपवून काय करू, मला बरं वाटलं.

घरी नवरा म्हणाला, घरातलं घरात ठेवायचं होतंस. दीर माझ्याशी बोलेनासा झाला. सासूबाई मात्र एक शब्द बोलल्या नाहीत. त्या माझ्यावर खूश असणार असा माझा हिशेब होता. पापडवाल्या बाईला त्यांनी उभं केलं, मी तर घरचीला केलं, त्यांच्याहून एक पाऊल पुढेच. मी वाट बघत होते की त्या कधीतरी म्हणतील, बरं केलंस. धाकटी माझ्याशी पहिल्यासारखीच वागत होती, आक्का आक्का करत होती. त्याचाही मला राग येत होता. निदान चार दिवस तरी तिनं तोंड फिरवायला हवं होतं.

महिना गेला. मी नेहमीप्रमाणे मनुका निवडल्या, रस गाळला. रविवारी भाकर फिरायच्या आधी मागच्या ओळीत चटई सरकल्याचा आवाज झाला आणि धाकटी बाहेर गेली. मी मागे पाहिलं नाही. बायकांच्या ओळीत सासूबाई पहिल्या, त्यांच्याशेजारी मी. भाकर आली. सासूबाईंनी ती न घेता ताट माझ्याकडे दिलं. मला वाटलं, त्यांचं लक्ष नाही. मग पेला आला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, आत पाहिलं आणि तसाच माझ्या हातात दिला. ओठ लावला नाही. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या. माझ्या पलीकडची बाई पेल्याची वाट बघत होती. मी प्यायले, आणि स्वतःच्या हाताचा तो रस मला कडू लागला.

घरी येऊन त्या खाटेवर टेकल्या. चालून आल्यानं छाती वाजत होती. मी जवळ जाऊन विचारलं, आत्याबाई, बरं नव्हतं का. त्यांनी मला बस म्हणून खुणावलं.

"त्यो चहा माजा व्हता," त्या म्हणाल्या. "तिनं थेंब न्हाई घेतला. पहाटं मला श्वास मिळंना. मीच तिला म्हनले, घोटभर ऊन काय तरी दे. समद्या थंडीत देत व्हती ती, दर रविवारी, तू उठायच्या आदी."

 मग ती तिथे बोलली का नाही, असं विचारलं. त्या म्हणाल्या की त्यांनीच तिला शपथ घातली होती. पापडासाठी दुसरीला उभी करणारी बाई स्वतः रविवारी चहा पिते, हे मंडळीनं ऐकावं असं त्यांना वाटत नव्हतं. पंच बसणार होते त्या दिवशी त्या जायला निघाल्या होत्या, उंबऱ्यापर्यंत गेल्या, आणि पाय पुढे पडला नाही. म्हणून आता त्या मेजाला हात लावणार नव्हत्या. ती घेईल तेव्हा मीही घेईन, म्हणाल्या, आणि तोवर मेले तर मेले.

एवढं सगळं ऐकूनही माझ्या मनात काय आलं असेल? त्यांची छाती नाही, तिची बंदी नाही. मनात आलं, की नऊ वर्षं मी या बाईच्या पायाशी होते आणि पहाटे श्वास अडकला तेव्हा तिनं हाक मारली दुसरीला. मी तेच बोलले. आत्याबाई, मला का नाही सांगितलंत?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता.

"मला तुजं भ्या वाटायचं, बाई," त्या म्हणाल्या.

मी उठून परसात गेले. तीन विटा अजून भिंतीशी होत्या, काळ्या पडलेल्या. मी ज्यांच्या धाकात राहिले त्या माझ्या धाकात राहत होत्या, आणि एकीच्या भीतीचा दुसरीला पत्ता नव्हता. थंडीच्या किती रविवारी मी त्यांच्या उशाशी गार पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला होता आणि त्यांनी तो निमूट घेतला होता.

दुसऱ्या दिवशी मी पाळकसाहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. सासूबाईंची अब्रू, माझा डाव, उपासनेत घोळवलेलं वाक्य, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत बसले. मग म्हणाले की आजारी माणसासाठी चूल पेटवायला मंडळीनं मनाई कधीच केलेली नव्हती. लहान मूल, बाळंतीण, आजारी यांना नियम लागत नाही, हे नियम करणाऱ्या पहिल्या पंचांनीच वहीत लिहून ठेवलं आहे. सासूबाईंना ते ठाऊक असायला हवं होतं, पण पाळता पाळता विसरल्या असतील. मला ठाऊक नव्हतं, कारण नियमात सूट कुठे आहे हे मी कधी विचारलंच नव्हतं.

ते म्हणाले, "बाई, चूल कुणासाठी पेटली ते तुम्ही त्या दिवशी परसातच विचारलं असतंत तर?"

धाकटीची बंदी उठली. पाळकसाहेबांनी उपासनेत सांगितलं की आमचीच समजण्यात चूक झाली. कुणाचं नाव घेतलं नाही, तरी गल्लीला सगळं कळलं. सासूबाईंच्या अब्रूला काही झालं नाही. उलट त्या पापडवाल्या बाईनं येऊन त्यांची विचारपूस केली. मी धाकटीची माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, आक्का, तुमी फडकं घेऊन जाताना मला दिसल्या व्हत्या की. वाटलं, इच्यारतील. मग न्हाई इच्यारलं तुमी. एवढं बोलून ती तांदूळ निवडायला बसली.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी उठले. धाकटी अजून निजली होती याची खात्री करून घेतली. घरातली चूल पेटवली, आमच्या घरातली, रविवारी.  आलं ठेचून घातलं, दूध घातलं, चांगला उकळू दिला आणि कप घेऊन सासूबाईंच्या खाटेपाशी गेले. त्या उठून बसल्या होत्या. श्वास वाजत होता. त्यांनी कप हातात घेतला, वाफ तोंडावर घेतली, दोन घोट प्यायल्या. मग माझ्याकडे पाहिलं.

"पाळकसायबास्नी इच्यारून आलीस न्हवं?"

मी होय म्हणाले. त्यांनी सांगितलंय, आजाऱ्याला चालतं.

त्यांनी मान हलवली आणि आणखी एक घोट घेतला. "तिनं न्हवतं इच्यारलं," म्हणाल्या.

चहा चांगला झाला होता, तो त्यांनी सगळा संपवला. मी कप घेतला, मोरीत नेऊन विसळला, आणि विसळताना मला आत निजलेल्या धाकटीचा पुन्हा हेवा वाटला.